झीलकरी

लडलो मागे टाकून वेल्सच्या बाजूला निघालं
की एका वळणावर बुटका मनोरा लागतो.
एकोणचाळीस पायऱ्या, मळसूत्री, दोराचा कठडा.
माझ्या गळ्यात कॅमेरा, पिशवीत तीन जुने फ्लॅश,
त्यातला एक नॉटिंगहॅमच्या बाजारातून
सहा पौंडांना उचललेला.

घंटांच्या खोलीला खिडकी एकच,
आणि तिच्यात मार्चचा उजेड, म्हणजे नसल्यातच जमा.
"नवे दिवे बसवायला एकाहत्तर सालापासून पैसे जमवतोय,"
डेस्मंड गॅटली म्हणाला.
सहा दोर, माणसं पाच.
पाचव्या घंटेचा दोर खुंटीला गुंडाळलेला.
तो विल्फचा, एवढंच कळलं.

मी फ्लॅश मांडले.
एक खिडकीच्या कोनाड्यात,
एक घड्याळाच्या वजनामागे,
एक विनिफ्रेड प्यूच्या पायांशी,
प्रार्थनेच्या पुस्तकांच्या खोक्यावर.
वायर नाही, काही नाही.
प्रत्येकाच्या पोटावर एक तांबडी टिकली, तोच डोळा.
उजेड दिसला की उजेड द्यायचा,
शिक्षण एवढंच.

"ह्यांना म्हणतात काय?" विनिफ्रेडनं विचारलं.
डब्यावर छापलंय ते : स्लेव्ह.
जीभ रेटेना. "मदतनीस," म्हणाले.
मनात म्हटलं, झीलकरी,
शाहिराच्या मागे उभं राहून जी जी ओढणारे.

पहिला फोटो :
पुढची माणसं चुना फासल्यासारखी, मागे काळोख.
दुसरा तसाच. तिसराही.
आणि मी तर डोळ्यांनी पाहिलं होतं,
तिन्ही कोपरे लखकन उजळताना!

मग आठवलं. हा डिजिटल कॅमेरा संशयी.
फोटोआधी एक चोरटी चमक सोडून बघतो,
कुठे किती उजेड लागेल म्हणून.
पापणी लवायच्या आतलं काम, आपल्याला दोन्ही एकच वाटतात.
झीलकऱ्यांना नाही वाटत.
शाहीर नुसता खाकरला
आणि ह्यांनी सगळं जी जी उधळून टाकलं.
पडदा उघडला तेव्हा तिघेही रिते,
बारीक शीळ घालत पुन्हा भरत बसलेले.

त्यांना काय बोलू?
समोरच्यानं खुर्ची जरा सरकवली
की मी उठून, हात हलवून, निरोप घेऊन टाकते.
खरंच जायची वेळ येते
तेव्हा माझ्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं.

"नवशिके असेच," डेस्मंड म्हणाला,
"पहिल्या हालचालीला ओढतात.
शेजाऱ्याचा दोर पुरता खाली येऊ द्यावा."

मी कॅमेऱ्याचं मोजमाप बंद केलं.
सगळं हातानं. छिद्र आठवर, बाकी अंदाज.
आता चमक एकच, आणि ती खरी.
विनिफ्रेडनं हाळी दिली,
दोरांच्या पट्टेदार लोकरी मुठी वर गेल्या
आणि तिन्ही कोपरे एकदम समेवर आले.

फोटोत हात आहेत, उघडी तोंडं आहेत,
डेस्मंडच्या स्वेटरचं कोपरावरचं भोक आहे.
आणि कोनाड्यातल्या उजेडात सगळ्यांहून स्पष्ट
खुंटीवरचा दोर.
मी काही त्याच्यासाठी उजेड लावला नव्हता.

पंधरा दिवसांनी डेस्मंडचा फोन.
तो कोनाड्यातला मी विसरून आले होते, चालूच.
"परवा वादळ झालं. खिडकी लावायला वर गेलो.
बाहेर वीज चमकली, आणि तुझ्या त्या मदतनिसानं
आतून उत्तर दिलं."
"किती वेळा?"
"एकदाच. पुढच्या विजेला गप्प."
"बॅटरी संपली असेल."
"असेल."
मग म्हणाला, "सोमवारी साडेसात.
पाचव्याला माणूस नाही."

मी लगेच हो म्हणणार होते.
पलीकडे त्याची किटली शिट्टी घालू लागली.
ती थांबेपर्यंत थांबले.